मामांचा उंदीर, तुझा खड्डा आणि आईचे गुडघे

पत्र लांबलचक होतं, कामापुरतं देते.

‘ताई, मी ३१ वर्षांचा, वाळवा तालुक्यातला. दहा वर्षं कबड्डी खेळलो, रेडर होतो. चार वर्षांपूर्वी मॅटवर उजवा गुडघा आपटला, तेव्हापासून जिना उतरताना आत काहीतरी अडकतं, आणि खेळलो की दुसऱ्या दिवशी सूज. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकाला, आतल्या बाजूला, कूर्चेत अडीच बाय दोन सेंटीमीटरचा खड्डा आलाय, पार हाडापर्यंत. बाकी गुडघा बरा म्हणतात. पुण्यातले डॉक्टर म्हणाले तुझ्याच पेशी काढून लॅबमध्ये वाढवून परत बसवता येतील, पण खर्च मोठा. हे खरं असतं का? दुसरं म्हणजे आई. वय ६२, दोन्ही गुडघे ग्रेड ४, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, डॉक्टर म्हणतात वाटी बदला. मामांनी व्हॉट्सॲपवर उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला फोटो पाठवला आणि म्हणाले आता सगळं लॅबमध्ये उगवतं, आक्काची वाटी कशाला बदलताय. त्यांच्या ओळखीच्या एका सेंटरवाल्यांनी स्टेम सेलची तीन इंजेक्शनं दोन लाखात सांगितलीत, महिनाअखेरपर्यंत डिस्काउंट. आणि रोज पाया सूप दिलं तर गादी भरते का? काय करू सांगा.’

हे बघ, आधीच सांगून टाकते, मी हाडांची डॉक्टर नाही. मी पेशी वाढवणारी बाई. सात वर्षं एका लॅबमध्ये कूर्चेच्याच पेशी वाढवल्या, त्यातल्या निम्म्या मेल्या, काहींना बुरशी लागली, काही नुसत्याच रुसून बसल्या. त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही हे तू आणि तुझे डॉक्टर ठरवा, पण लॅबमध्ये वाढवलेली कूर्चा म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे ते मी सांगू शकते, आणि ते एकदा कळलं ना की तुझा निम्मा गोंधळ जाईल, कारण तुझा गुडघा आणि आईचे गुडघे ह्या दोन साफ वेगळ्या केसेस आहेत, आणि मामांचा उंदीर ही तिसरीच.

तू तिकडचा, म्हणजे ताटात मटणाच्या सांध्याचा तुकडा आला की त्याच्या टोकावरचं ते पांढरं, निळसर झाक असलेलं, गुळगुळीत, दाताखाली करकरणारं तू लहानपणापासून खात आलायस. तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात ती मांडीच्या हाडाच्या टोकावर, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर आणि वाटीच्या मागच्या अंगाला असते, जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलीमीटर, वाटीमागे जरा जास्त. बस एवढीच. एवढ्याशा थरावर तू दहा वर्षं उड्या मारल्यास.

आपल्याकडे लोक म्हणतात ‘गॅप कमी झाली’, ‘वंगण संपलं’. गॅपचं असं आहे की एक्सरेवर कूर्चा दिसतच नाही, त्यामुळे दोन हाडांमधे जी काळी फट दिसते ती मोकळी जागा नसतेच, तिथे वरची कूर्चा, खालची कूर्चा आणि मधली मेनिस्कसची चकती अशा सगळ्या एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. गॅप कमी म्हणजे तो माल कमी. वंगणाच्या नावाने उगाच बोंब मारतात.

‘गादी’ हा शब्द मात्र मला फार आवडतो, तो जवळजवळ बरोबर आहे. गादीवाला कसा घट्ट खोळीत कापूस कोंबतो, तसंच आत आहे. खोळ म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांची जाळी, त्यातही टाईप २ नावाचं खास कोलॅजन. कापूस म्हणजे अ‍ॅग्रेकन नावाचा राक्षसी मोठा रेणू, दिसायला बाटली धुवायच्या ब्रशसारखा, मधे दांडी आणि तिला चिकटलेल्या शंभराच्या आसपास कोंड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या. ह्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि पाणी आत खेचून घेतात, कूर्चेच्या वजनातलं सत्तर-ऐंशी टक्के तर पाणीच आहे. आतला कापूस फुगायला बघतो, बाहेरची खोळ फुगू देत नाही, आणि ह्या ओढाताणीतून ती टणक होते. तू जमिनीवर आदळलास की आतल्या पाण्याला एवढ्या बारीक जाळीतून पटकन बाहेर पळता येत नाही, मग पहिल्या क्षणी नव्वद टक्क्यांहून जास्त भार ते कोंडलेलं पाणीच उचलतं. मला आजही हे नवल वाटतं. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे बहुतांश पाणी!

आता ह्या सगळ्यात जिवंत पेशी किती? जागेच्या हिशोबाने दोनेक टक्के. प्रत्येक पेशी आपापल्या कोठडीत बंद, शेजारणीला हात लावता येत नाही. रक्तवाहिनी नाही, नस नाही, खाणंपिणं सगळं सांध्यातल्या द्रवातून झिरपत येतं तेवढंच, आणि तेही पाय हलला, दाब पडला-सुटला तर नीट येतं, म्हणून दुखतंय म्हणून महिनोन्‌महिने पाय हलवायचाच नाही हा उपाय कूर्चेला उपाशी मारतो. नस नसल्यामुळे अजून एक भानगड, कूर्चा खरचटली तरी ती स्वतः दुखत नाही, दुखायला लागतं ते खालचं हाड उघडं पडल्यावर किंवा सांध्याचं अस्तर सुजल्यावर, म्हणजे बातमी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. तुझं चार वर्षं तेच झालं असणार.

आणि रक्त नाही म्हणजे जखम भरण्याचा नेहमीचा मार्गच नाही. हात कापला की रक्त येतं, गुठळी होते, तिच्यात दुरुस्तीच्या पेशी शिरतात, खपली धरते. कूर्चेत ह्यातलं काहीच होत नाही. लंडनमध्ये शरीरशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम हंटरने १७४३ मध्ये लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, आणि त्यानंतर अडीचशे वर्षं हे वाक्य खोटं पाडण्यातच आमच्या धंद्यातल्या लोकांची हयात गेली.

ती किती हट्टी आहे त्याचा एक पुरावा सांगते, मग पाया सूपकडे येते. १९५०-६० च्या दशकात देशोदेशींनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्याने हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला आणि १९६३ च्या पुढे हळूहळू उतरत गेला. ज्या वर्षी शरीराने एखादा पदार्थ बनवला त्या वर्षीच्या हवेची सही त्यात राहते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेवर हा हिशोब लावला तर दिसलं की मोठेपणी तिथलं कोलॅजन जवळजवळ बदललं जातच नाही, चांगल्या गुडघ्यातही नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे आईच्या गुडघ्यात आज जी काही खोळ उरलीय ती ती दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हाची आहे. आता मला सांग, जे शरीर पन्नास वर्षांत तिथे एक दोरा नवीन विणत नाही ते पाया सूप पिऊन विणायला घेईल का? सूपमधलं कोलॅजन पोटात गेलं की डाळीच्या प्रोटीनसारखंच तुटून अमिनो आम्लं होतं, त्यावर ‘गुडघा’ असा पत्ता लिहिलेला नसतो. चवीसाठी प्यायला द्या, माझी काही हरकत नाही, थंडीत तर झकास. ग्लुकोसामीन-कोंड्रॉइटिनच्या गोळ्यांचंही तेच, अमेरिकेत २००६ मध्ये १,५८३ लोकांवर मोठी चाचणी झाली आणि एकंदर गटात साध्या खोट्या गोळीपेक्षा ठोस फरक दिसला नाही.

बरं, आता तुझा खड्डा.

सर्जन लोकांनी फार पूर्वी ओळखलं की कूर्चेला रक्त नाही पण खालच्या हाडाला आहे, मग हाडालाच भोकं पाडली तर? १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमनने हे मायक्रोफ्रॅक्चर म्हणून रूढ केलं. दुर्बिणीतून आत जायचं, खड्डा साफ करायचा, बारीक टोच्याने हाडाला भोकं पाडायची, मज्जेतलं रक्त वर येतं, गुठळी धरते, त्यातून नवीन ऊती तयार होते. एकच ऑपरेशन, खर्च कमी. अडचण अशी की भरून येते ती सांध्याची असली कूर्चा नसते, ते वणासारखं काहीतरी असतं, त्यात टाईप १ कोलॅजन जास्त, जे कातडीत आणि जखमेच्या व्रणात असतं. छोट्या खड्ड्याला चालून जातं, मोठ्या खड्ड्यात दोन-चार वर्षांत कुरबूर सुरू होते. हे म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात मुरूम टाकून बुजवतात तसं, गाडी जाते.

१९९४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन वगैरे मंडळींनी २३ पेशंटचा रिपोर्ट छापला आणि तिथून तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट सुरू होते. गुडघ्यातल्या ज्या भागावर भार येत नाही तिथून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, दोन-तीनशे मिलीग्रॅम, एन्झाइम घालून त्यातली खोळ-कापूस विरघळवून पेशी सुट्ट्या करायच्या, काही आठवडे लॅबमध्ये त्यांची संख्या वाढवायची आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खड्ड्यात सोडून वरून नडगीच्या हाडावरच्या पातळ पडद्याचं झाकण शिवायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ह्या पद्धतीच्या कार्टिसेलला मान्यता दिली. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, खरं असतं, आणि कालपरवाचं नाही.

पण ‘लॅबमध्ये वाढवून’ हे दोन शब्द फार सहज बोलले जातात, त्याबद्दल मला थोडं बोलू दे, माझी सात वर्षं गेलीत त्यात. कूर्चेची पेशी तिच्या कोठडीत असते तेव्हा गोल, गुबगुबीत. तिला प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये टाकलं की आयुष्यात पहिल्यांदा मोकळी जागा मिळते, मग ती तळाला चिकटते, पसरते, लांबट होते, भराभर दुप्पट-चौपट होते. नवीन आलेली पोरं खूश होतात, बघा मॅडम किती वाढल्या! मी पण पहिल्या वर्षी पेढे वाटायचीच बाकी होते. मग तपासलं तर त्या टाईप २ कोलॅजन बनवायचंच विसरलेल्या, टाईप १ बनवत बसलेल्या. नाव कूर्चापेशी, वागणं कातडीच्या पेशीचं. जेवढ्या जास्त वेळा वाढवाल तेवढी जास्त विसरतात, आणि आपल्याला तर संख्या हवीच असते, त्यामुळे इकडे आड तिकडे विहीर. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर ह्या दोघांनी दाखवलं की अशा विसरलेल्या पेशींना समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये नीट चारही बाजूंनी धरून ठेवलं तर त्या परत गोल होतात आणि टाईप २ बनवायला लागतात. आकार परत दिला की आठवण परत येते! मला विचारशील तर ऊती अभियांत्रिकीचा सगळा गाभा इथे आहे. नुसत्या पेशी असून भागत नाही, त्यांना बसायला योग्य घर लागतं, त्या घराला आम्ही स्कॅफोल्ड म्हणतो, बांधकामाची परांची. कोणी कोलॅजनची करतं, कोणी हायलुरोनिक आम्लाची, कोणी हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरची.

आणि घर देऊनही ती आळशी राहते, तिला व्यायाम लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २००० मध्ये दाखवलं की जेलमधल्या पेशींना रोज ठराविक वेळ, सेकंदाला एकदा ह्या चालीने हलकासा दाब देत राहिलं तर तयार होणारी कूर्चा नुसत्या ठेवलेल्या जेलपेक्षा कितीतरी टणक होते. आमच्याकडे असं एक यंत्र होतं, दिवसभर टक टक चालायचं, शेजारच्या लॅबवाले शिव्या घालायचे. एवढं करूनही निसर्गाची जी रचना आहे, वरच्या थरात दोरे आडवे, खाली जाताना उभे, तळाला हाडात रुतलेले, ती हुबेहूब अजून कोणी बनवलेली नाही. आणि नवीन कूर्चा जुन्या कूर्चेच्या काठाला नीट सांधली जाणं हे आजही डोकेदुखीचं काम आहे, कारण काठावरच्या जुन्या पेशी आपापल्या कोठडीत, त्या काही हात पुढे करत नाहीत.

आता जी पुढची आवृत्ती वापरतात तिच्यात पेशी सुट्ट्या सोडत नाहीत, डुकराच्या कोलॅजनच्या पातळ पडद्यावर आधीच बसवून तो पडदा खड्ड्याच्या मापाने कापून चिकटवतात. ह्यातल्या मॅसी नावाच्या उत्पादनाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या कार्टिग्रोला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळालीय, म्हणजे तुझे डॉक्टर हवेत बोलत नसणार. तरी तू त्यांना नाव विचार, कुठलं उत्पादन, कुठल्या लॅबमध्ये वाढवणार, मान्यतेचा कागद दाखवा, आणि पेशी वाढल्याच नाहीत तर पैशाचं काय. शेवटचा प्रश्न लाजून विचारत नाहीत लोक, पण पेशी कधीकधी खरंच वाढत नाहीत, मी स्वतः पाहिलंय.

फायदा किती हे प्रामाणिकपणे सांगायचं तर सरसकट डंका पिटण्यासारखं नाही. नॉर्वेत २००४ ला ८० पेशंटवर पेशी विरुद्ध मायक्रोफ्रॅक्चर अशी चाचणी झाली, दोन वर्षांनी दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. २०१४ मध्ये १४४ पेशंटवर मॅसीची झाली, ह्यावेळी तीन चौरस सेंटीमीटर आणि त्याहून मोठेच खड्डे घेतले, आणि दोन वर्षांनी दुखणं आणि हालचाल ह्या दोन्हीत मॅसीवाले स्पष्ट पुढे होते. गंमत म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला किंवा एमआरआय केला तर दोन्ही गट साधारण सारखेच दिसत होते! का ते नीट कोणी सांगू शकलेलं नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला देणाऱ्या नाईस ह्या संस्थेने २०१७ मध्ये अशा उपचाराला हो म्हटलं पण अटी घालून, खड्डा दोन चौरस सेंटीमीटरच्या वर हवा, त्या खड्ड्यावर आधी दुरुस्तीचं ऑपरेशन झालेलं नको, आणि सांध्यात झीज अगदी किरकोळ हवी. तुझा खड्डा पाचेक चौरस सेंटीमीटरचा, वय ३१, आधी ऑपरेशन नाही, बाकी सांधा बरा. ज्याच्यासाठी हे शोधलं गेलं तो पेशंट म्हणजे जवळजवळ तूच.

जवळजवळ म्हणाले कारण एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. आईचे पाय धनुष्यासारखे आहेत, तुझे? पाय बाहेर वाकलेले असतील तर शरीराचं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून जातं, आणि तुझा खड्डा बरोबर आतल्या बाजूलाच आहे. तिथे नवीन कूर्चा लावून वरून तोच वाकडा भार रोज हाणला तर ती किती टिकणार? त्यासाठी कंबरेपासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेला लांब एक्सरे लागतो, साधा गुडघ्याचा नाही. वाकडेपणा निघाला तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करतात, ते आधी किंवा बरोबरच करावं लागतं. तसंच मेनिस्कस फाटलेला नाही ना, लिगामेंट ढिलं नाही ना, कबड्डीवाल्यांचं ते हमखास असतं. रेड करताना तीन जण घोट्याला लटकलेत आणि वरचं अंग पुढे, गुडघ्यानेच सगळं निस्तरायचं, मग कुठेतरी काहीतरी सुटतंच. सिगारेट असेल तर सोड, पेशींना नाही मानवत.

आणि वेळेची तयारी ठेव. दोन ऑपरेशनं, मधे काही आठवड्यांचं अंतर, दुसऱ्यानंतर दीड-दोन महिने कुबड्या, मग हळूहळू वजन टाकणं, फिजिओ, आणि खेळ म्हणशील तर वर्षभर नावच काढायचं नाही, कधी दीड वर्षही. ह्यात लोक घाण करतात. तीन महिन्यांनी दुखत नाही म्हणून मॅटवर उतरतात, पण तोपर्यंत आतला माल ओल्या सिमेंटसारखा असतो, टणक व्हायला त्याला महिने लागतात. घरात शेती असेल, गाडीवर फिरायची नोकरी असेल तर हे आत्ताच बसून ठरवा, कारण पैशापेक्षा हीच अट जास्त जणांना झेपत नाही. खेळायला परत उतरायचंच नसेल, फक्त जिना उतरताना दुखू नये एवढंच हवं असेल तर तेही डॉक्टरांना उघड सांग, मग कदाचित आधी चार-सहा महिने मांडीचे स्नायू नीट कमावून बघू म्हणतील.

एक लाडकी गोष्ट सांगायची राहिली. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गटाने २०१६ मध्ये दहा पेशंटच्या गुडघ्यात त्यांच्याच नाकातली कूर्चा बसवली. नाकाच्या मधल्या पडद्यातून जरासा तुकडा काढला, पेशी वाढवल्या, स्कॅफोल्डवर पसरून कूर्चेचा तुकडा तयार केला आणि गुडघ्यात लावला. नाकाच्या पेशी गुडघ्याच्या पेशींपेक्षा दमदार, वयाने लवकर थकत नाहीत, आणि नव्या जागी रुळतात. तुला आत्ता ह्याचा उपयोग नाही, ते चाचण्यांमध्येच आहे, पण नाकाने गुडघा दुरुस्त होतो हे मामांना फॉरवर्ड करायला उंदरापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

उंदराचं सांगते. फोटो खरा आहे. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या व्हॅकांटी बंधूंच्या गटाने ते काम छापलं. तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या आकाराचा विरघळणाऱ्या पॉलिमरचा साचा, त्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी, आणि तो साचा उंदराच्या पाठीच्या कातडीखाली ठेवला, उंदीर असा निवडलेला की त्याची प्रतिकारशक्ती अधू, परक्या पेशींना तो हाकलत नाही. म्हणजे त्यात माणसाची एकही पेशी नव्हती, उंदराने काही ‘उगवलं’ नाही, त्याने फक्त रक्तपुरवठा आणि ऊब दिली. आणि मुख्य म्हणजे कानाला काय करायचं असतं? आकार धरून ठेवायचा. गुडघ्याला चालताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार दर पावलाला सोसायचाय, जिन्यावर अजून जास्त. कान जमला म्हणून गुडघा जमला असं नाही रे, अंगणात मांडव घातला म्हणून धरण बांधता येत नाही.

आता आई.

तुझ्याकडे खड्डा आहे, त्याला चारी बाजूंनी चांगला काठ आहे, नवीन माल त्या काठाच्या आधाराने उभा राहतो. ग्रेड ४ म्हणजे आईच्या गुडघ्यात त्या बाजूची कूर्चा वरून आणि खालून दोन्हीकडून गेलीय, हाड हाडाला घासतंय. काठच नाही. शिवाय झिजलेला सांधा नुसता झिजलेला नसतो, तो आतून धुमसत असतो, अस्तर सुजलेलं, आणि कूर्चेच्याच पेशी असे एन्झाइम सोडतात जे कोलॅजन आणि अ‍ॅग्रेकन कापून टाकतात, म्हणजे तिथे नवीन कूर्चा नेऊन ठेवलीस तरी तिला खाणारे आधीच जेवायला बसलेत. वरून पाय वाकडे. खड्डा बुजवायचं तंत्र उखडून गेलेल्या अख्ख्या रस्त्यावर चालत नाही, आणि सेंटरवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

इंजेक्शनांबद्दल स्पष्ट बोलते. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसारखे ठरलेले मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल देणं हे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणं अनैतिक धरलंय. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी आपल्याकडे मान्यता मिळाली, ते मी लपवत नाही, पण त्याची चाचणी ग्रेड २ आणि ३ वर झाली होती, आईचा ग्रेड ४ आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींची इंजेक्शनं साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून पाहिली, वर्षभराने कुठलीच सरस ठरली नाही. उद्या तेच लोक म्हणतील मग पीआरपी घ्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या द्रवाचं इंजेक्शन, स्वस्त आहे, तर तेही ऐकून ठेव, ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २८८ लोकांवर पीआरपी विरुद्ध मिठाचं पाणी अशी चाचणी झाली, दुखण्यात फरक नाही, कूर्चेत फरक नाही. आणि ज्या उपचाराला महिनाअखेरचा डिस्काउंट असतो तो साड्यांच्या सेलमध्ये शोभतो. मामांशी भांडू नकोस, ते बहिणीच्या काळजीनेच करतायत, त्यांना एवढंच म्हण की सेंटरवाल्यांनी लेखी द्यावं, कुठल्या पेशी, कोणाच्या, कोणती मान्यता, आणि ग्रेड ४ मध्ये काय होईल. लेखी म्हटलं की बहुतेकांचा आवाज बसतो.

वाटी बदलणे हा शब्द लोकांना घाबरवतो, खरं तर वाटी बहुतेक वेळा तिथेच असते, हाडांच्या टोकांवर धातूची टोपी आणि मधे प्लॅस्टिकची चकती बसवतात. म्हणजे गेलेल्या कूर्चेच्या जागी कूर्चा नाही, तिचं काम करणारी वस्तू. मी सात वर्षं कूर्चा उगवायचा प्रयत्न केला तरी माझ्या सख्ख्या मावशीला ग्रेड ४ ला मी हेच करा म्हणाले, आणि ते सांगताना मला थोडं वाईट वाटलं होतं, स्वतःच्या दुकानातला माल सोडून दुसऱ्याच्या दुकानात पाठवल्यासारखं. पण लगेच उद्याच करा असंही नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की गुडघ्यावर दर पावलाला चार किलोचा भार कमी होतो, मांडीचे व्यायाम, हातात काठी, उकिडवं आणि मांडी घालून बसणं बंद, संडास कमोडचा, ह्याने किती निभतं ते बघता येतं. दुखण्याच्या गोळ्या मात्र मेडिकलवाल्याला विचारून रोज चालू असतील तर थांबवा, घ्यायच्या तर बीपी आणि किडनी दाखवून मगच.

तुझ्या पत्रात डॉक्टर काय म्हणतात ते आहे, मामा काय म्हणतात ते आहे, सेंटरवाले काय म्हणतात ते पण आहे. आई काय म्हणते ते नाही. तिला विचार, रात्री दुखण्याने झोप मोडते का, देवळापर्यंत चालत जाते का की आता जातच नाही, जिना उतरताना उलटी उतरते का. ह्या तीन उत्तरांवर ऑपरेशन आत्ता की नंतर ते ठरतं, एक्सरेच्या ग्रेडवर त्यामानाने कमी.

आणि तू तो लांब एक्सरे काढ आधी, आणि एमआरआयच्या रिपोर्टचं दुसरं पान पाठव, पहिल्या पानावर मेनिस्कसबद्दल अर्धंच वाक्य आलंय.